तांदळातली डिस्क

सकाळीच आलेल्या बाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला, तेव्हा काचवाल्याला वाटलं, खायचं काहीतरी आणलंय. अशी माणसं अधूनमधून येत. कोणाला जुना एक्स-रे हवा असे, कोणाला दहा वर्षांपूर्वी भरती झाल्याचा कागद, आणि नुसतं मागायला संकोच वाटतो म्हणून सोबत घरचं काही घेऊन येत. त्याने सवयीने चेहरा जरा कडक केला आणि मनात डब्याच्या आकाराचा अंदाज घेतला. बाईंनी झाकण काढलं. आत तांदूळ होते, कच्चे, काठोकाठ. त्यांनी चार बोटं आत खुपसली, चाचपडलं आणि एक कागदी पाकीट वर ओढून काढलं. त्याला चिकटलेले दाणे त्यांनी एकेक करून डब्यात परत टाकले. पाकिटावर त्याचंच अक्षर होतं. तारीख, शस्त्रक्रियागृह क्रमांक दोन, आणि खाली एक शब्द, ओलावा.

"ओळखलंत ना?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच दिली होती. तीन वर्षं झाली. तेव्हापासून तांदळात ठेवलीय, दर महिन्याला तांदूळ बदलते. चार दुकानांत दाखवली. चौथा म्हणाला, ज्या मशीनवर भरली त्याच मशीनवर लागली तर लागेल. ते मशीन आहे का अजून?"

खरं तर नाही म्हणून सांगायला त्याला काहीच अवघड नव्हतं. भंगारात काढायच्या सामानाची यादी त्याच्या कोपराखालीच होती आणि ते यंत्र त्या यादीत अकराव्या नंबरवर होतं. गेलं, विकलं, उंदरांनी वायरी खाल्ल्या, काहीही चाललं असतं. खोटं बोलायला त्याला कधी जड गेलं नव्हतं, फक्त ते वरच्यांसाठी बोलायची सवय होती. स्वतःसाठी बोलायचं म्हणजे अंगाला न बसणारा सदरा चढवल्यासारखं व्हायचं. तो पाकिटाकडे बघत राहिला. आपलं अक्षर तीन वर्षांपूर्वी इतकं सुबक होतं याचं त्याला वाईट वाटलं. आता तळघरातल्या या खोलीत दिवसाकाठी चार कागद लिहायचे, तेही कोणी वाचत नाही म्हटल्यावर अक्षराचा काही धरबंद राहिला नव्हता.

या मोठ्या इस्पितळात सगळे त्याला काचवाला म्हणत, आणि आता समोर काच उरली नव्हती तरी म्हणत. शस्त्रक्रियागृहाला लागून एक चिंचोळी खोली होती, मधे जाड काच. पलीकडे डॉक्टर, अलीकडे तो आणि त्याचं यंत्र. दुर्बिणीची शस्त्रक्रिया असली की पोटात सोडलेल्या नळीच्या टोकाचा कॅमेरा जे बघे ते यंत्र डिस्कवर उतरवून घेई. मोठ्या डॉक्टरांच्या गळ्याशी एक बारका माइक असे, कारण त्या डिस्क ते विद्यार्थ्यांना दाखवत, आणि कापताना, बांधताना, थांबताना काय करतोय ते सांगत जात. आवाज डिस्कवर जाई. काचेच्या अलीकडे मात्र तो ऐकू येत नसे, कारण स्पीकरचं बटण काचवाला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पिरगळून बंद ठेवी. मोठ्या माणसांचं बोलणं कानावर पडलं की ते विसरायची जबाबदारी आपल्यावर येते, असं त्याचं मत होतं, आणि अकरा वर्षांत त्याचा त्याला कधी तोटा झाला नव्हता. त्याला बघायचं तेवढं कळे. आतल्या सगळ्यांची तोंडं पट्टीने झाकलेली. उरत ते डोळे. कोणाला कात्री हवी, कोणाला घाम पुसून हवा, कोण रागावलाय, कोण घाबरलाय, हे तो काचेतून नुसत्या डोळ्यांवरून सांगू शके. हा गुण त्याला बापाकडून आला होता. बाप एका बड्या असामीचा ड्रायव्हर होता. गाडीच्या आरशात मागे बसलेल्या साहेबाचे डोळे दिसत, आणि बाप म्हणे, तोंडाने सांगायची पाळी साहेबावर आणली तर तू कसला माणूस. कुठे थांबायचं, कुठे न थांबता निघायचं, कोणत्या घराचा पत्ता बायकोला सांगायचा नाही, हे सगळं त्या चार बोटं रुंद आरशात बापाला वाचता येई. लहानपणी जेवताना बाप नुसता बघे आणि आईने मीठ पुढे करायचं असे. एकदा तिने मिठाऐवजी पाणी पुढे केलं होतं. ते पाणी आणि त्या दिवशीचं जेवण, सगळं बापाने एका झटक्यात भिंतीवर फेकलं होतं.

यंत्राची काळजी मात्र तो मनापासून घेई. त्याच्या लेखी यंत्राला दोनच वैरी होते, एक जाणारी वीज आणि दुसरी दमट हवा. रेकॉर्डिंग थांबवलं की डिस्क लगेच तयार होत नाही. दोन-तीन मिनिटं लाल दिवा लुकलुकत राहतो आणि तेवढ्या वेळात यंत्र डिस्कवर यादी लिहितं, काय भरलंय, कुठे सुरू होतं, कुठे संपतं. त्या वेळात वीज गेली की चित्रं असतात, आवाज असतो, पण शोधणाऱ्याला काही सापडत नाही. घर उभं आहे आणि पत्ताच कोणी लिहून ठेवला नाही, असं तो शिकाऊ डॉक्टरांना समजावून सांगे, आणि ते मान डोलावून दुसरीकडे बघत. दुसरं म्हणजे गारठ्यातलं यंत्र एकदम उबेत आणायचं नाही. आतल्या भिंगावर बाष्प धरतं, गरम चहावर वाकलं की चष्म्यावर धरतं तसं. मग दोन तास हात लावायचा नाही, डिस्क घालायची नाही, घाई करायची नाही. हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने एका कागदावर लिहून यंत्राच्या डोक्यावर चिकटवलं होतं. अकरा वर्षांत त्याच्या हातून एकही डिस्क खराब झाली नव्हती. एक सोडून, आणि ती काही हातून झाली नव्हती.

मुलगा सव्वीस वर्षांचा होता. पित्ताशयात खडे, चाळीस मिनिटांचं काम, मोठे डॉक्टर आठवड्यातून अशी पाच करत. सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. काचवाला पडद्याकडे बघत पेन्सिलीला टोक काढत होता. पलीकडे अचानक माणसं हलली. पडद्यावरचं गुलाबी चित्र गेलं आणि हिरव्या कापडाची एक घडी आली. म्हणजे नळी बाहेर काढून तशीच टाकली होती. मग काचेपलीकडे जे चाललं ते त्याने बिनआवाजाचं बघितलं. कोणीतरी मुलाच्या छातीवर वाकून दाबत होतं, दमलं की दुसरं कोणी. तास गेला असावा. शेवटी सगळ्यांचे हात एकदम खाली आले. मोठे डॉक्टर मुलाच्या डोक्याशी उभे होते. त्यांची पट्टी हलली, पण ते शेजारच्या डॉक्टरशी बोलत असतील. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ काचेतून त्याच्याकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. भुवया जराशा उंचावल्या होत्या, विचारल्यासारख्या. काचवाल्याने मान हलवली. त्याला बापाचा आरसा आठवला असं काही नाही. तेव्हा काहीच आठवलं नाही. अंग आपोआप कामाला लागलं. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं, लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि त्याने वाकून भिंतीतला प्लग उपटला. मनात साठ आकडे मोजले आणि पुन्हा लावला. यंत्र म्हणालं, डिस्क रिकामी आहे. इतकं मोठं काम इतक्या सफाईने झालं, याचा त्याला अभिमान वाटला.

डिस्क त्याने फेकली नाही, कारण हरवलेली डिस्क संशय आणते, खराब झालेली आणत नाही. त्याने पाकिटावर ओलावा असं लिहिलं आणि पुढे मुलाची आई मागायला आली तेव्हा बिनदिक्कत देऊन टाकली. चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः त्याच्या खोलीत आले. त्या मुलाची डिस्क कुठाय, म्हणाले. काचवाल्याने नजर खाली वळवली, समजूतदार माणसं वळवतात तशी, आणि सांगितलं की ओलावा धरला, त्यावर काही राहिलेलं नाही, साहेबांनी निश्चिंत असावं. डॉक्टर खूप वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. काय नाटकी माणूस आहे, त्याला वाटलं, एवढ्या बंद खोलीतसुद्धा सोंग सोडत नाही. पण हरकत नाही, मोठी माणसं लगेच आभार मानत नाहीत. वेळ आली की बघतात. वेळ आली नाही. आधी कुजबुज झाली, मग तक्रार, मग चौकशी. कागदावर काही सिद्ध झालं नाही, पण नेमकी त्याच दिवसाची डिस्क कशी खराब झाली हो, असं प्रत्येक जण प्रत्येकाला विचारत राहिला, आणि आठ महिन्यांत मोठे डॉक्टर इस्पितळ सोडून गेले. बाजारामागच्या गल्लीत त्यांनी एक छोटा दवाखाना काढला, सर्दी-खोकल्याचा. जाताना ते काचवाल्याच्या खोलीवरून गेले, पण थांबले नाहीत. पुढे नवी यंत्रं आली, डिस्कचा कारभार संपला, आणि काचवाला तळघरात जुन्या कागदांवर येऊन बसला. एवढं केलं त्याच्यासाठी, त्याला वाटे, आणि साधी बढतीची चिठ्ठीसुद्धा नाही. हे त्याने एकदाच बायकोला सांगितलं होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं होतं, त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का तसं करायला. सांगावं लागत नाही, तो म्हणाला होता. बायकोने हातातली घडी पुरी केली, ती कपाटात ठेवली, आणि त्या दिवसापासून तिने त्याला कामावर काय झालं हे विचारणं बंद केलं. घरात बाकी सगळं नीट होतं. जेवण वेळेवर मिळे, आजारपणात औषध मिळे, फक्त ती त्याच्याकडे जरा बाजूने बघे, आणि ही एकच नजर त्याला वाचता येत नसे.

बाई अजून उभ्या होत्या. त्याने त्यांना खुर्ची दिली. त्याच्या मनात काय आलं ते चांगलं नव्हतं, आणि ते त्याला ठाऊकही होतं. डिस्कवर यादी नाही, पण ते यंत्र जुनं असलं तरी शहाणं आहे. आपणच अर्धवट सोडलेली डिस्क घातली की विचारतं, दुरुस्त करू का. कदाचित सगळं परत येईल. मग येऊ दे. ज्या माणसाला आपण वाचवलं आणि ज्याने मागे वळून बघितलं नाही, त्याचा हात चुकताना त्या मुलाच्या आईने बघितला तर बघू दे. आपलं काय जाणार होतं? ओल सुकली, तांदळाने काम केलं, एवढंच सांगायचं. बाई उलट आपलेच उपकार मानतील. तीन वर्षं ज्या कामाचं कोणी नाव घेतलं नाही त्याची किंमत अशी वसूल करायची, या विचाराने त्याला हलकं वाटलं, आणि मशीन आहे, तो म्हणाला, पण थांबावं लागेल.

यंत्र शेजारच्या गार खोलीत होतं. जुन्या फिल्म खराब होऊ नयेत म्हणून तिथे दिवसभर एसी चाले. त्याने ते उचलून आणलं, तेव्हा इकडच्या दमट हवेत त्याच्या पत्र्यावर बघता बघता घाम फुटला. त्याने फडक्याने पत्रा पुसला आणि बाईंना समजावलं, की आत भिंगावरही असंच पाणी धरलं असणार, दोन तास चालू करता येणार नाही, हवं तर उद्या या. बाई म्हणाल्या, बसते. मग दोघं बसले, समोरासमोर, मधे यंत्र आणि तांदळाचा डबा. यादीचे कागद पुढे ओढून तो लिहितोय असं दाखवत राहिला. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम सावकाश चालत होतं. बाईंना गप्प बसायची सवय असावी. चाळीस वर्षं त्या एका ग्रंथालयाच्या बाइंडिंग विभागात होत्या, हे त्यांनी मधेच, कोणी विचारलेलं नसताना सांगितलं. छत गळलं की भिजलेली पुस्तकं त्यांच्याकडे येत. पान अन् पान टीपकागदात घालून सुकवायचं, उन्हात नाही, पंख्याखाली नाही, घाईने सुकवलेलं पान पुढच्या वर्षी मोडतं. त्यांची बोटं बोलताना टेबलावरून कागद सपाट केल्यासारखी फिरत. काचवाल्याला ते बघवेना. त्याने मुलाबद्दल विचारलं नाही, पण बाईंनी तेही सांगितलं. आत नेताना तो म्हणाला होता, माझे खडे डॉक्टरांकडून मागून घे, तुझ्या पुस्तकांवर वजन ठेवायला होतील. बाई हसल्या होत्या आणि हसतच बाकावर बसल्या होत्या. पुढे कोणीतरी येऊन काहीतरी सांगितलं, कोणी ते त्यांना आठवत नव्हतं. डॉक्टर आले होते, बोलत होते, हात हलत होते, पण कानात काही शिरत नव्हतं. नंतर जेव्हा शिरायला लागलं तेव्हा लोक म्हणाले, डिस्क बघा, त्यात सगळं असतं. आणि डिस्कला ओल.

"त्यांच्या दवाखान्यासमोर मी जाऊन उभी राहायचे," बाई म्हणाल्या. "बाजारामागे. आत जाणाऱ्या माणसाला सांगायचे, याने माझा मुलगा मारला. रोज नाही, सुट्टीच्या दिवशी. वर्षभर. लोक परत फिरायचे. डॉक्टर दारात यायचे, मला हात जोडायचे, एकदा म्हणाले, आत येऊन बसा, मी सांगतो काय झालं. मी म्हटलं, सांगू नका, दाखवा. आता तो दवाखाना अर्धा दिवसच उघडा असतो म्हणतात."

काचवाल्याला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण हात जोडलेले डॉक्टर त्याच्या डोळ्यांपुढे येईनात. ते सोंग असतं तर भर रस्त्यात, एका म्हातारीपुढे, रुग्ण परत जात असताना कशासाठी, हे गणित त्याच्याकडून सुटेना. तो उठला आणि यंत्राचा पत्रा पुन्हा चाचपून बघितला. कोरडा होता. अजून पंचवीस मिनिटं होती, आणि ती त्याने पुरी जाऊ दिली. नियम मोडायचं त्याच्या जिवावर आलं, की वेळ काढायचा होता, त्याचं त्यालाच कळलं नाही.

दोन तास झाल्यावर त्याने प्लग लावला आणि डिस्क आत सरकवली. आत काहीतरी घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली. मागील वेळी वीज तुटल्याने ही डिस्क अपुरी राहिली आहे, दुरुस्ती करायची का. त्याने झटकन होय दाबलं, अक्षरं जावीत म्हणून. लाल दिवा लुकलुकायला लागला. चार मिनिटं लागतील, वायरला धक्का लागू देऊ नका, तो म्हणाला, आणि त्याच्या स्वतःच्याच पायाशी तो प्लग होता. चार मिनिटं तो पाय आखडून बसला. बाई पडद्याकडे बघत नव्हत्या, त्याच्या पायाकडे बघत होत्या, असं त्याला वाटलं. मग दिवा थांबला आणि पडद्यावर गुलाबी, ओलसर, हलणारं काहीतरी आलं. बाईंनी तोंडावर हात घेतला, पण नजर हटवली नाही.

"आवाज नाही का याला?" त्यांनी विचारलं.

त्याने बटण फिरवलं. अकरा वर्षांत न फिरवलेलं बटण सहज फिरलं. मोठ्या डॉक्टरांचा आवाज खोलीत आला आणि त्याला आश्चर्य वाटलं, की तो इतका मऊ होता. आता आपण ही नस बाजूला घेतोय, घाई नाही, आवाज सांगत होता, इथे दिसत नसेल तर थांबायचं, दिसेपर्यंत कापायचं नाही. सगळं अगदी व्यवस्थित चाललं होतं, हे त्या गुलाबी चित्रातलं काही न कळणाऱ्यालाही कळत होतं. काचवाला हात चुकायची वाट बघत होता. हात चुकला नाही. दुसरा एक आवाज म्हणाला, नाडी, आणि पहिला आवाज थांबला. मग हिरव्या कापडाची घडी आली आणि पुढचं सगळं नुसतं ऐकू येत राहिलं. धापा, आकडे, पुन्हा आकडे. कोणीतरी म्हणालं, हृदयच साथ देत नाहीये, आधीपासूनचं असणार, तपासणीत दिसलंच नाही. दमलात, मी घेतो, कोणी म्हणालं, आणि डॉक्टर म्हणाले, नको, मी करतो. हे फार वेळ चाललं. काचवाल्याला पुढे ढकलता आलं असतं, पण बाईंनी त्याला तसं सांगितलं नाही आणि त्याचा हात उठला नाही. शेवटी धापा संपल्या. वेळ लिहा, डॉक्टर म्हणाले. मग तोच आवाज, आता भिजल्यासारखा, अगदी माइकजवळ. "याची आई बाहेर बसलीय. मी नुसतं तोंडाने सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही, कोणाला वाटेल. हे सगळं तिला दाखवावं लागेल. काचेमागे तो आहे ना, त्याला सांगा, ही डिस्क जिवापाड जप म्हणावं." आणि मग जरा मोठ्याने, लांबच्या माणसाला विचारल्यासारखं, "ऐकलंस ना रे?"

आणि त्याने मान हलवली होती. डिस्कवर ती नव्हती, पण खोलीत होती. त्याला ती मान स्पष्ट दिसली, लवलेली, तत्पर, शाबासकीची वाट बघणारी. पडदा काळा झाला. तीन वर्षं ज्या एका गोष्टीवर तो आतून उभा होता, की आपणही एकदा एका मोठ्या माणसाच्या उपयोगी पडलो, ती गोष्ट कधी घडलीच नव्हती. त्याला कोणी काही करायला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते त्याने केलं नव्हतं. ज्याला वाचवलं म्हणून त्याने मनात हिशेब मांडला होता, त्याला त्यानेच बुडवलं होतं, आणि वर त्यालाच निश्चिंत राहा असं सांगितलं होतं. त्याला स्वतःची किळस आली. तरीही सवयीने तोंडाने काम सुरू केलं. सुकली बघा, तो म्हणाला, तुमच्या तांदळाने कमाल केली. स्वतःचा आवाज त्याला बापासारखा वाटला.

बाईंनी डोळे पुसले. पुसायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्याला वाटलं, निभावलं.

"भिजलेली वस्तू मी ओळखते," त्या म्हणाल्या. "कागद असो, कापड असो, काच असो, ओल डाग ठेवून जाते. तुम्ही ही हातात दिलीत तेव्हाच मी उजेडात धरून बघितली होती. हिला कधी ओल लागलीच नव्हती. तांदळात ठेवली ती पुढे लागू नये म्हणून." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मघाशी पडद्यावर वीज गेल्याचं आलं. त्या दिवशी वीज गेली नव्हती. मी बाहेर बाकावर होते. डोक्यावरचा पंखा दिवसभर फिरत होता, मी त्याच्याकडेच बघत होते."

त्याच्याकडे सांगण्यासारखं एक होतं, की मला वाटलं त्यांनी तसं सुचवलं, नजरेने. पण हे वाक्य मोठ्याने म्हणता येण्यासारखं नव्हतं; तोंडात ते नुसतंच हास्यास्पद होतं. त्यांनी विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं. पण का केलं हे त्यांनी विचारलं नाही. राग काढला असता, शिव्या दिल्या असत्या, वर तक्रार करते म्हणाल्या असत्या तरी त्याला धरायला काही मिळालं असतं. त्या फक्त डिस्क बाहेर येण्याची वाट बघत उभ्या राहिल्या, आणि आली तेव्हा ती कडेने, दोन बोटांत, न डागाळता धरून त्यांनी पाकिटात घातली.

"वर्षभर मी त्या माणसाच्या दारात उभी राहिले," त्या म्हणाल्या, आणि आता पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. "तो हात जोडत होता आणि मी त्याला मारेकरी म्हणत होते. हे आता मी कुठे ठेवू?"

थोड्या वेळाने त्यांनी डबा पिशवीत घातला, पाकीट मात्र घातलं नाही. दवाखाना सकाळचा असतो, त्या म्हणाल्या, अजून उघडा असेल, चला. काचवाला म्हणाला, त्याची इथली वेळ संपली नाही, शिवाय साहेबांना तो काय तोंड दाखवणार. डिस्क बाईंनीच न्यावी, किंवा आज त्याच्याकडे राहू द्यावी, तो उद्या सकाळी निवांतपणे नेऊन देईल, नक्की देईल. हे बोलताना त्याने हातसुद्धा पुढे केला. बाईंनी त्या हाताकडे बघितलं.

"तुमच्या हाती मी ही देणार नाही," त्या म्हणाल्या. "मी दाखवीन. तुम्ही नुसतं बरोबर यायचं आणि त्यांना सांगायचं. तोंडाने."

खोलीला कुलूप लावून तो जिना चढला. बाहेर ऊन होतं, रस्त्यावर दुकानं उघडी होती आणि माणसं आपापल्या कामाला लागली होती. बाजारामागच्या गल्लीत जायचा रस्ता त्याला ठाऊक होता, तीन वर्षांत तो त्या रस्त्याने एकदाही गेला नव्हता. एकदा त्याने पावलं भरभर टाकून बघितली, मग अगदी हळू. काही फरक पडला नाही. पाकीट छातीशी धरून बाई वाटभर त्याच्या दोन पावलं मागून चालत राहिल्या, तो दिसत राहावा म्हणून.